इंगाबाईंचं शून्य

१

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी ऱ्होंडा स्टेनरूड चर्चच्या कार्यालयात आली ती टोपीसुद्धा न काढता. बाहेर पापण्या गोठतील अशी थंडी होती, पण तिचे कान लाल झाले होते ते थंडीनं नव्हे. तिनं एक कागद माझ्या टेबलावर आपटला.

"मार्लिस, हे काय आहे?"

मी चष्मा लावला. कागद मीच पोस्टात टाकलेला होता. कोणी चर्चला किती दिलं याचं पत्रक आम्ही दर तिमाहीला घरोघरी पाठवतो; हे वर्षअखेरचं होतं. वर नाव होतं इंगेबोर्ग स्टेनरूड, म्हणजे ऱ्होंडाची आई. खाली रक्कम होती शून्य.

"आईचा टॅक्स भरायला बसले होते," ऱ्होंडा म्हणाली. "माझ्या आईनं पंचावन्न वर्षांत चर्चचा एकच रविवार चुकवला, तोही मी जन्मले म्हणून. दर रविवारी ती पाकिटात तीस डॉलर घालते. रोख. माझ्या डोळ्यांदेखत ते पाकीट दानाच्या थाळीत पडतं. तिथून पुढं कुठं जातं?"

मी कागद पालथा घातला. कारण थाळीपासून बँकेपर्यंत मध्ये एकच माणूस होता, ड्वेन क्वामे. नियमाप्रमाणे मोजायला दोघं हवेत. पण दुसरा, हार्लन, थंडी चुकवायला ॲरिझोनाला गेला तो परतलाच नाही, आणि त्याच्या जागी कोणाला घ्यायचं हे आमचं मंडळ दर बैठकीत "पुढच्या बैठकीत बघू" म्हणून सोडून देत आलं होतं.

ड्वेनची गोष्ट आमच्या नॉर्डहोम गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हायवेवरच्या कॅसिनोत त्यानं आधी बोट घालवली, मग घर, मग बायको. ज्या दिवशी त्यानं तो नाद सोडला त्याच दिवशी आमच्या जुन्या पाळकांनी त्याच्या हातात मोजणीच्या खोलीची किल्ली ठेवली. गाव खवळलं. पाळक म्हणाले, "आपण चर्च आहोत, बँक नाही." त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत ड्वेननं पत्त्यांना हात लावला नव्हता.

संध्याकाळी मंडळ बसलं. चोर हा शब्द कोणी काढला नाही; आमच्याकडे असले शब्द काढत नाहीत. "उलगडा होईपर्यंत किल्ली इकडे राहिलेली बरी," एवढंच कोणीतरी म्हणालं. रविवारपर्यंत उलगडा झाला नाही तर शेरीफला कळवायचं ठरलं. ड्वेननं किल्ली कडीतून काढून टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाला, आणि कॉफी न घेता निघून गेला.

नॉर्डहोममध्ये माणूस कॉफी न घेता गेला की समजावं, त्याच्या जिव्हारी लागलंय.

२

आमच्या नव्या पाळकबाईंनी वर्लिन टॉस्ट्रूडला बोलावलं. वर्लिननं सगळा जन्म गारपिटीच्या विम्यात घालवलेला. गारांनी झोडपलेलं पीक कुठलं आणि मालकानंच काठीनं आडवं केलेलं कुठलं, हे तो गाडीतून न उतरता सांगायचा. निवृत्त झाल्यापासून त्याच्याशी खोटं बोलणारं कोणी मिळत नव्हतं, म्हणून तो जरा सुकला होता.

"प्रथम कर्टिस," तो म्हणाला. "आणि डब्यात काही गोड असेल तर तेही."

कर्टिस ओपडाल आमचा वित्तसचिव. दिवसा धान्याच्या कोठारावर हिशेब लिहितो, संध्याकाळी आमच्याकडे. चर्चसाठीचं खास सॉफ्टवेअर त्यानंच आणलं आणि ते तो नव्या बापासारखा मिरवतो.

"पैसा बँकेत एकाच खात्यात असतो," त्यानं वर्लिनला समजावलं. "पण आत निधी वेगळे. कपाट एक, खण वेगळे. छपराचा निधी, मिशनचा निधी, गरजूंचा निधी. ज्यानं छपरासाठी दिलं त्याचा पैसा छपरालाच. पाळकबाईंचा पगार थकला तरी त्या खणात हात घालायचा नाही."

"आणि कोणी दिलं ते कसं कळतं?"

"पाकिटावरच्या नंबरावरून. प्रत्येक घराला नंबर असतो, वर्षाची पाकिटं टपालानं घरी जातात, प्रत्येकावर त्या रविवारची तारीख छापलेली. ड्वेन पाकीट फोडतो, आतली रक्कम वर लिहितो. मी नंबर, रक्कम आणि निधी भरतो. नाव यंत्र लावतं. इंगाबाईंचा नंबर एकसष्ट. गेल्या वर्षभरात एकसष्ट नंबरचं एकही पाकीट माझ्यापर्यंत आलेलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. म्हणजे ते मोजणीच्या टेबलापुढं सरकलंच नाही." कर्टिसनं आवाज खाली आणला. "मला कुणावर शिंतोडे उडवायचे नाहीत, वर्लिन. पण मंगळवारी ड्वेनचा पिकअप कॅसिनोच्या पार्किंगमध्ये उभा होता. मी स्वतः पाहिला."

वर्लिननं लिंबाची वडी अर्धी खाऊन खाली ठेवली. मी त्याला वीस वर्षं ओळखते. त्यानं वडी अर्धी सोडलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

३

ड्वेन गॅरेजमध्ये होता, बर्फ ढकलायच्या यंत्राची पाती घासत. आम्ही दोघं आत गेलो तरी त्यानं मान वर केली नाही.

"या. खुर्ची एकच आहे. मार्लिस, तू बस."

वर्लिन उलट्या बादलीवर बसला. "पाकिटं घेतलीस का, ड्वेन?"

"नाही."

"बरं. मग इंगाबाईंची पाकिटं आठवतात?"

"कुणाचीच आठवत नाहीत. मी नावं बघत नाही, नावं नसतातच. नंबर बघायचा, पाकीट फोडायचं, आकडा लिहायचा. मला जाणून घ्यायचंही नसतं." त्यानं दुसरं पातं घासायला घेतलं. "एक तेवढं लक्षात राहिलंय. दर रविवारी एक पाकीट यायचं, छापलेली तारीख पेन्सिलीनं खोडून वर नवी घातलेली. अगदी नीट, फुटपट्टी लावून. मला गंमत वाटायची."

"नंबर?"

"आठवत नाही. फेकून दिलेली पाकिटं कोण लक्षात ठेवतं? हिशेब जुळला की ती शेगडीत जातात."

वर्लिननं मान हलवली. मला तर हे काहीच उपयोगाचं वाटलं नाही. मग त्यानं तो प्रश्न विचारला जो विचारायची मला भीती वाटत होती.

"मंगळवारी कॅसिनोच्या पार्किंगमध्ये होतास?"

ड्वेनचा हात थांबला.

"होतो."

"आत गेलास?"

तो पुन्हा पाती घासायला लागला. गॅरेजच्या खिळ्यावर त्याची किल्ल्यांची कडी टांगलेली होती, तिच्यात आता गाडीची एकच किल्ली. परत येताना गाडीत मला रडू आलं आणि मी ते थंडीच्या माथी मारलं.

४

इंगाबाईंच्या स्वयंपाकघरात सिंकवर दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चिमट्यांनी वाळत घातलेल्या. खिडकीत कॉफीचा कागदी गाळण वाळत होता, दुसऱ्या फेरीसाठी. वय सत्त्याऐंशी, पाठ ताठ. ऱ्होंडा हात बांधून दाराशी उभी होती.

"एवढा गाजावाजा कशाला करायचा," इंगाबाई म्हणाल्या. "दिलं ते देवाला दिलं. त्याच्याकडे नोंद असेल."

"टॅक्सवाल्यांकडे नाहीये, आई," ऱ्होंडा म्हणाली.

"तू गप्प बस. त्या ड्वेनला थंडीत कोणी जेवायला घालतंय का?"

मी टेबलावर पाहिलं आणि थक्क झाले. मी दर तिमाहीला पाठवलेली पत्रकं तिथं पडली होती, न उघडलेली. प्रत्येकाच्या पाठीवर सामानाची यादी. लोणी, यीस्ट, बटाटे.

"इंगाबाई, तुम्ही ही उघडलीच नाहीत?"

"कशाला उघडायची? मी काय दिलं ते मला माहीत आहे. पण पाठची बाजू कोरी होती, चांगला कागद होता."

वर्लिन हसू दाबत होता. "पैसे कशासाठी देता, इंगाबाई? सर्वसाधारण खर्चाला?"

"छे. कुंपणाला. दफनभूमीच्या." त्यांनी कॉफी ओतली. कपातून तळ दिसत होता. "हरणं येऊन माझ्या नवऱ्याच्या, पामरच्या थडग्यावरची फुलं खातात. जिवंत होता तोवर त्याच्या बागेत एक हरीण घुसलं नाही. दर पाकिटावर मी लिहिते, कुंपण."

"आणखी कोण देतं कुंपणाला?"

"कोणी नाही. सगळ्यांना छप्परच दिसतं, कारण ते डोक्यावर गळतं."

वर्लिननं पुन्हा एकवार दोरीवरच्या पिशव्यांकडे पाहिलं, मग गाळणाकडे, मग सामानाच्या याद्यांकडे. त्याचा चेहरा बदलत गेला.

"इंगाबाई, तुमची पाकिटं बघायला मिळतील?"

त्यांनी फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. वर्लिननं झाकण उघडून एक पाकीट हातात घेतलं आणि इतक्या मोठ्यानं हसला की ऱ्होंडाचे बांधलेले हात सुटले.

"हे एक नेऊ का?"

"एकच न्या," इंगाबाई म्हणाल्या. "वर्षाला पुरतील इतकीच उरलीत."

५

"कर्टिस," कार्यालयात शिरताच वर्लिन म्हणाला, "मला कोणाचं नाव सांगू नकोस."

"सांगणारच नाही. कोण किती देतं ते पाळकबाईंनाही सांगायचं नसतं."

"चांगलं आहे. फक्त एवढंच सांग. दफनभूमीच्या कुंपणाचा निधी. वर्षभरात त्यात किती आले?"

कर्टिसनं अहवाल काढला. निधींची ही यादी दुसऱ्या पानावर असते, आणि आमच्या मंडळीत दुसरं पान आजवर कोणी उलटलेलं नाही. मीही नाही, आणि छापते मीच.

"एक हजार पाचशे साठ."

ऱ्होंडा आमच्या मागून आलीच होती. तिनं मनात हिशेब केला आणि मटकन खुर्चीत बसली. "तीस गुणिले बावन्न," ती म्हणाली.

"तर मग," वर्लिन म्हणाला, "ड्वेननं पैसे चोरले असते तर ते कुंपणाच्या खणात कसे जाऊन बसले? चोर काही निधी बघून भरणा करत नाही. पैसे थाळीतून टेबलावर आले, टेबलावरून बँकेत गेले, आणि इंगाबाईंनी सांगितलेल्या खणातच पडले. एक सेंट कमी नाही. ड्वेननं त्याचं काम चोख केलंय. चुकलंय ते फक्त नाव."

मी सुस्कारा सोडला. ऱ्होंडाची मान मात्र खाली गेली.

"नाव कसं चुकेल?" कर्टिस म्हणाला. "नाव यंत्र लावतं. यंत्र चुकत नाही."

"नाही ना. इंगाबाई तरी कुठं चुकल्या?" वर्लिननं खिशातून पाकीट काढून त्याच्यापुढं ठेवलं. वर छापलेली तारीख जुनी होती, सात वर्षांपूर्वीच्या एका रविवारची. कोपऱ्यात नंबर होता अठ्ठ्याऐंशी.

"हा कोणाचा नंबर?" मी विचारलं आणि विचारतानाच मला आठवलं. "ॲग्नेसचा. इंगाबाईंच्या बहिणीचा."

"ॲग्नेस शेवटची दोन वर्षं नर्सिंग होममध्ये होती," ऱ्होंडा हळूच म्हणाली. "अंथरुणाला खिळून. पाकिटांचे डबे टपालानं येतच राहिले. ती गेल्यावर आईनं ते घरी आणले."

"आणि कोरी करकरीत पाकिटं कोण फेकून देईल?" वर्लिन म्हणाला. "ज्या घरात कॉफीचा गाळण दोनदा चालतो, त्या घरात तर नाहीच. गेल्या वर्षीच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःची नवी पाकिटं फळीवर जपून ठेवली आणि आधी बहिणीची संपवायला घेतली. तारीख चुकीची, म्हणून पेन्सिलीनं खोडून नीट केली. नंबराकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या लेखी तो नुसता छपाईचा आकडा."

मला हसू आवरेना. आमच्या गावात ही चूक कुणीही केली असती. माझ्या फळीवर माझ्या सासूची पाकिटं आहेत.

"पण ॲग्नेस तर नाही," मी म्हटलं. "मग गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी नंबर कोणाचा होता?"

कर्टिसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा रिकामे नंबर मी वाटून टाकले," तो पुटपुटला. "यंत्रानं आपोआप दिले. अरे देवा. मला वाटलं होतं त्यांचं मन वळलं."

"कोणाचं?"

त्यानं ओठ घट्ट मिटले आणि कोट चढवला. "नाव सांगायचं नाही असा नियम आहे," तो म्हणाला. "गाडी कुठं थांबवायची याचा नियम नाही. पण मार्लिस, वर्लिन, तुम्ही दोघं बरोबर चला. मी एकटा त्या घरात जाणार नाही."

६

गाडी थांबली वेंडेल ऑसेच्या फाटकापाशी. वेंडेल म्हणजे गावातला सर्वांत पैसेवाला आणि सर्वांत तिरसट माणूस. चर्चमध्ये हिरवा गालिचा घालायचा की तपकिरी यावरून त्याचं बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली. हिरवा घातला. तेव्हापासून त्याचं नाव यादीत होतं, माणूस बाकावर नव्हता. पण गेल्या उन्हाळ्यापासून तो अधूनमधून बायकोला, बेव्हर्लीला, दारापर्यंत सोडायला यायचा आणि एकदोनदा तर मागच्या बाकावर बसलाही होता. आम्हाला वाटलं, गालिचा विटला म्हणून असेल.

बेव्हर्लीनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. कर्टिसनं घसा साफ करून विचारलं, त्यांना पत्रकं मिळाली का.

"मिळाली," वेंडेल गुरगुरला. त्यानं बायकोकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. "मी काही बोललो नाही. तिचे विणकामाचे पैसे, तिनं कुठं द्यायचे ते तिचं ती बघेल."

बेव्हर्लीच्या हातातली किटली तशीच राहिली. "माझे? मला वाटलं तू देतोयस."

"मी?"

"दर आठवड्याला तीस डॉलर, तेही दफनभूमीच्या कुंपणाला. मला वाटलं, आपली दोघांची जागा तिथं आहे म्हणून असेल. विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस. म्हणून मी आपली गप्प राहिले आणि तुझ्या आवडीचं मीटलोफ करत राहिले."

"ते त्यासाठी होतं होय," वेंडेल म्हणाला. "मी म्हटलं, हिला चर्चची एवढी ओढ आहे तर सोडायला जावं. एकटी कशाला जाऊ द्यायची."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकानंही एक सेंट दिलेला नव्हता, आणि वर्षभर दोघं एकमेकांच्या दानतीवर भाळून गुण्यागोविंदानं नांदत होते. वर्लिन खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. आपल्या नावाची पाकिटं कुठं आहेत म्हणून बेव्हर्लीनं विचारलं, तर तो डबा गॅरेजमध्ये तेलाच्या कॅनखाली निघाला, सीलबंद.

कर्टिसनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. नाव दुरुस्त करावं लागेल, पत्रक नवं येईल, त्यात शून्य असेल.

वेंडेलनं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "म्हणजे एक सत्त्याऐंशी वर्षांची बाई वर्षभर माझ्या नावानं पैसे भरत होती."

"तसंच झालं," वर्लिन म्हणाला.

"आणि कुंपणाला अजून किती लागतील?"

कर्टिसनं आकडा सांगितला. वेंडेलनं शिवी हासडली, बायकोनं त्याला चापट मारली, आणि त्यानं चेकबुक मागितलं. "गालिच्याला एक पैसा देणार नाही," तो म्हणाला. "वर लिही, फक्त कुंपण."

"त्यालाच निधी म्हणतात," कर्टिस म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला.

७

रविवारी उपासनेनंतर सगळे तळघरात कॉफीला उतरले. गावाला सगळं आधीच कळलं होतं. ड्वेन आला होता, पण दाराशीच कोट घालून उभा.

ऱ्होंडा त्याच्यापाशी गेली. हातात झाकलेलं ताट होतं. आमच्याकडे माफी मागत नाहीत. वड्या करून आणतात. भोपळ्याच्या होत्या, वर क्रीम चीजचा थर. ताटाच्या कडेला रुमालावर मोजणीच्या खोलीची किल्ली.

"मंडळानं सांगितलंय, दुसरा मोजणारा हवाच," ती म्हणाली. "मी माझं नाव दिलंय. तुझी हरकत नसेल तर."

"नाही," ड्वेन म्हणाला. पण किल्लीला हात लावला नाही. "मंगळवारी मी कॅसिनोला गेलो होतो, ऱ्होंडा. ते तुला माहीत असायला हवं. दाराबाहेर तासभर गाडीत बसलो होतो. नऊ वर्षांत कधी तिकडं वळावंसं वाटलं तर खिशात हात घालायचो, ही किल्ली लागायची. त्या दिवशी घातला, तर नव्हती."

तळघरात कपांचा आवाजसुद्धा थांबला. ऱ्होंडाचे डोळे भरून आले.

"मग आत का नाही गेलास?" तिनं विचारलं.

"गेलो असतो तर तुम्ही सगळे बरोबर ठरला असतात," ड्वेन म्हणाला.

मला लाज वाटली. त्या संध्याकाळी किल्ली टेबलावर पडली तेव्हा मीही गप्प बसले होते.

मग मागून काठीचा आवाज आला. इंगाबाई होत्या. त्यांनी ताटातली किल्ली उचलली, ड्वेनचा हात ओढला आणि किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"किती उशीर करता," त्या म्हणाल्या. "आजचं अजून मोजायचं राहिलंय. कॉफी घे आणि वर जा."

त्यानं कोट काढला. कप घेतला. दोनदा भरून घेतला.

थोड्या वेळानं मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन वर गेले तर मोजणीच्या खोलीचं दार उघडं होतं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. ऱ्होंडाच्या हातात एक पाकीट होतं, तारीख पेन्सिलीनं खोडून वर नवी घातलेली, फुटपट्टी लावून.

"मी तिला नवी पाकिटं वापरायला सांगितलं," ऱ्होंडा म्हणाली. "ती म्हणते, ही संपल्यावर."

"हरकत नाही," ड्वेन म्हणाला. "कर्टिसनं अठ्ठ्याऐंशी नंबर इंगाबाईंच्याच नावावर केलाय." त्यानं ते पाकीट घेतलं, फोडलं, नोटा दोनदा मोजल्या आणि ऱ्होंडाकडे सरकवल्या. "घे, आता तू मोज."